रोजच्या गाडीला टर्बो: सहा महिने, एक तुटलेला स्टड आणि विम्याची फोनाफोनी

कव्हेंट्रीचा रिंगरोड ज्यांनी चालवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आत येणारे आणि बाहेर पडणारे एकाच आखूड पट्ट्यात एकमेकांना आडवे जातात. शेजारच्या लेनमधून व्हॅन सुसाट येत असते आणि तुमच्या पायाखाली पिकअप असला तर असतो, नसला तर देव आठवतो. माझी गाडी २००० सालची माझदा एमएक्स-५. १.८ लिटर, दोन सीटं, कापडी टप. २०१९ मध्ये २,३०० पौंडांना घेतली होती. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात १४० हॉर्सपॉवर होते, त्यातले किती अजून जागे आहेत हे तीच जाणे. वॉरिकच्या ऑफिसला ए४६ वरून जाऊन-येऊन २२ मैल, पाऊस असो वा बर्फ, याच गाडीने. म्हणजे ही शोभेची दुसरी गाडी नाही, हे आधीच सांगते. सोमवारी सकाळी ती सुरू झालीच पाहिजे.

मी हिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, बसवायचं ठरवलं. "मग टर्बोवालीच दुसरी गाडी घे ना," हे नवऱ्याचं म्हणणं. बरोबरच होतं. पण मला हीच गाडी हवी होती, थोडी जास्त ताकदवान. याहून शहाणं कारण माझ्याकडे नाही.

चिंचवडचा मावसभाऊ हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी: बाबा रे, तू हे करू नकोस. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असा बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलंय. तिथे आता शोरूममध्येच टर्बो पेट्रोल गाड्या मिळतात, त्यातली एक घे. मी जे केलं ते इंग्लंडात, इथल्या नियमात बसवून.

सुरुवात १४ जानेवारी २०२३ ला, शनिवारी. टर्बोची नाही, इंजिनाच्या तपासणीची. दमेकऱ्याला मॅरेथॉनला उभं करण्यात अर्थ नाही. चारही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. सगळे सिलिंडर १७५ ते १८२ पीएसआयच्या आत आले. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते बघायचं असतं. एक जरी बराच खाली असता तर मी तिथेच थांबणार होते. हा तपास फुकट आहे, मीटर ओळखीच्यांकडून उसना मिळतो. किटचे पैसे भरण्याआधी करा.

इंजिन पास झालं, पत्रा नापास. या गाड्यांच्या दाराखालच्या सिल्स आणि पुढचे चेसिस रेल आतून गंजतात, वरून पेंट चकाचक दिसतो. माझ्या डाव्या सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. वेल्डिंगला ५४० पौंड. म्हणजे टर्बोच्या हिशेबातला पहिला खर्च टर्बोचा नव्हताच.

मग किट निवडणं. ऑनलाइन पाचशे पौंडांतही 'पूर्ण टर्बो किट' मिळतं. मोह होतो. पण त्यातले पातळ नळ्या वेल्ड केलेले मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारे) तापून-निवून तडकतात आणि टर्बोच्या बेअरिंगचा भरवसा नसतो. मी ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, गॅरेटचा छोटा बॉलबेअरिंग टर्बो, दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, टर्बोमागचा धुराचा पाइप (डाउनपाइप) आणि पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर असं किट अमेरिकेतून मागवलं. पोस्टेजसकट २,९५० पौंड. छोटा टर्बो मुद्दामच. तो लवकर दाब धरतो, वर जाऊन दमतो, पण मला वर जायचंच नव्हतं. इंजिनाचा मूळ संगणक वाढलेली हवा समजून घेऊ शकत नाही, म्हणून वेगळा संगणक (ईसीयू) आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर इथूनच घेतला, ७२० पौंड.

६ फेब्रुवारीला ऑर्डर दिली. विक्रेता म्हणाला चार आठवडे. मी पाडव्याला काम सुरू करायचं ठरवलं. पाडवा आला २२ मार्चला, किट नाही. ईमेलला उत्तर यायचं, "पुढच्या आठवड्यात". एप्रिलमध्ये खोकी निघाली आणि इकडे कस्टम्समध्ये अडकली. कुरिअरवाल्यांनी पावती आणि मालाचं वर्णन पुन्हा मागितलं, कारण वर नुसतंच 'पार्ट्स' लिहिलं होतं. ड्युटी, त्यावर २० टक्के व्हॅट आणि कुरिअरची हाताळणी फी, सगळं मिळून ६९०. व्हॅट मालाच्या किमतीवर नाही, तर किंमत, पोस्टेज आणि ड्युटी यांच्या बेरजेवर लागतो. मी फक्त किमतीवर धरला होता, तिथे अंदाज चुकला. खोकी दारात आली २१ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बघ, मुहूर्त साधला." साडेदहा आठवडे वाट पाहून साधला, पण साधला.

ही वाट बघतानाच मी विम्याचं काम हातात घेतलं आणि सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त याने दमवलं. इंजिनात बदल केला आणि विमा कंपनीला सांगितला नाही, तर अपघातानंतर ती हात वर करू शकते. माझ्या तेव्हाच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलाच्या यादीत अलॉय व्हील होतं, टो बार होतं, टर्बो नव्हतं. त्याने मला दोनदा होल्डवर ठेवलं आणि शेवटी सांगितलं की पॉलिसी चालू ठेवता येणार नाही. "पण मी अजून काहीच बसवलेलं नाही," म्हटलं. "बसवाल तेव्हा कळवा," म्हणाला. म्हणजे बसवीन तेव्हा रद्द.

मग बदललेल्या गाड्यांचे विमे करून देणाऱ्या ब्रोकरांना फोन. तिघांना केले. पहिल्याने पंचविशीच्या मुलाचा असेल तसा भाव सांगितला. दुसऱ्याने आधी रोलिंग रोडचा, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मागितला, किती हॉर्सपॉवर झाले ते सिद्ध करा, मग विमा. आता गाडी विम्याशिवाय रोलिंग रोडपर्यंत न्यायची कशी, हे त्यालाही सांगता येईना. तिसरीकडे एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोडगा काढला: अंदाजे २०० हॉर्सपॉवर धरून पॉलिसी सुरू करू, ३० दिवसांत छापील कागद आणि फोटो पाठवा. प्रीमियम ४१० वरून ७३५ वर गेला, वर्षाला ७,००० मैलांची मर्यादा आली. हे सगळं नऊ दिवस चाललं. फोन करताना जवळ गाडीचा नंबर, नो-क्लेम वर्षांचं पत्र, किटमधल्या भागांची यादी आणि गाडी रात्री कुठे उभी असते त्याचा पत्ता ठेवा. आणि जुनी पॉलिसी नवी सुरू होईपर्यंत रद्द करू नका. इथे गाडी नुसती उभी असली तरी विमा असावा लागतो, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) कळवावं लागतं. त्याला सॉर्न म्हणतात. सॉर्न केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर पार्कसुद्धा करायची नाही.

डीव्हीएलएकडे टर्बोसाठी मात्र काही करावं लागलं नाही. व्ही५सी वर, म्हणजे इथल्या आरसी बुकावर, इंजिनाची क्षमता, इंधन, रंग असल्या गोष्टी असतात. टर्बोने सीसी बदलत नाहीत, इंजिन नंबर तोच. मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स सीसीवर असल्यामुळे तोही तेवढाच राहिला. बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये माझ्या गाडीला दिवसाचे ८ पौंड आधीही पडत होते, आताही पडतात.

२२ एप्रिलला सकाळी नऊला नन्ईटनच्या मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकस्टँडवर चढवली. तो मूळचा कोल्हापूरचा. हत्यारं त्याची, मदत त्याची, सल्ले शेजाऱ्यांचे. पुढचे चार शनिवार-रविवार आम्ही तिथेच. मधल्या काळात मी बसने ऑफिसला. रोजच्या गाडीवर हे काम काढणार असाल तर दुसऱ्या वाहनाची सोय महिनाभराची करा, दोन आठवड्यांची नाही.

पहिल्याच दिवशी, दुपारी, जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढताना चौथ्या सिलिंडरपाशी एक स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटला. तेवीस वर्षांचा गंज. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारलं होतं, पण बहुतेक एकदा मारून उपयोग नसतो, आठवडाभर रोज मारायला हवं होतं. पाना फिरला, हाताला बरं वाटलं, आणि मग तो जास्तच सहज फिरला. ज्यांच्या हातात कधी स्टड तुटलाय त्यांना ते 'जास्तच सहज' म्हणजे काय ते कळेल. आम्ही दोघं काही न बोलता चहा प्यायलो. ड्रिल मारायचा प्रयत्न मी केला नाही, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि स्टड पोलादाचा. ड्रिल मऊ बाजूला सरकलं की हेडच गेलं. पुढच्या शनिवारी घरी येणारा वेल्डर बोलावला. त्याने उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला, लाल असतानाच पाना लावला आणि दोन मिनिटांत ते टोक फिरवून माझ्या हातात दिलं. ९० पौंड. आठवडा गेला.

आता तेलाचं. हे जरा सविस्तर सांगते.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला सतत तेल लागतं. तेल इंजिनातून बारीक नळीने दाबाखाली येतं. पण परत जाताना त्याला दाब नसतो, ते निव्वळ उताराने खाली पडतं. परतीच्या नळीत कुठे खोलगट वळण आलं, की तेल तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि मागून निळा धूर. लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बो चांगला असतो, नळी चुकलेली असते.

माझे बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं लेथवर होते. त्यांनी टर्बो कधी बसवला नाही. मी फोनवर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), इंटरकूलर वगैरे सांगत होते, त्यांनी मध्येच विचारलं, "ते ठीक आहे. तेल चेंबरला परत कुठून येतंय?"

चेंबर म्हणजे इंजिनाखालचा ऑइल सम्प. किटच्या पुस्तकाप्रमाणे त्यालाच भोक पाडून आटे मारायचे होते आणि तेही चेंबर न काढता, कारण या गाडीत चेंबर काढायचा तर इंजिन उचलावं लागतं. म्हणजे गाडीत बसलेल्याच इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला उताणं पडून भोक पाडायचं. मी त्यांना फोटो पाठवले. त्यांनी एका फोटोवर बोटाने लाल रेघ काढून परत पाठवला: भोक तेलाच्या पातळीच्या वर हवं, खाली घेतलंस तर उतार असूनही तेल अडेल. पुस्तकातही तेच होतं, पण मी खूण जवळजवळ दोन बोटं खाली केली होती.

ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापायचं. थोडं फिरवायचं, बाहेर काढायचं, कीस चिकटलेलं ग्रीस पुसायचं, नवं थापायचं. मी पडलेला कीस चुंबकाने उचलायचा विचार केला होता. बाबा हसले. "अगं, अ‍ॅल्युमिनियम कुठे चिकटतं चुंबकाला?" शेवटचा मिलिमीटर सगळ्यात भीतीचा, कारण तिथे कीस आत पडतो. तो मी ड्रिल हातानेच फिरवून काढला. आटे पाडताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. या एका भोकाला अडीच तास लागले. नंतर स्वस्तातलं तेल दोनदा ओतून खालून वाहू दिलं, पांढऱ्या फडक्यावर गाळलं. पहिल्या वेळी फडक्यावर तीन-चार चमकते कण. दुसऱ्या वेळी एकही नाही.

बाकीचं पटापट. गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलायला गाडी ट्रेलरवरून एका गॅरेजला दिली, कारण ते वजन आमच्या दोघांच्या बसचं नव्हतं. क्लच आणि मजुरी मिळून ६२०. इंटरकूलरसाठी बंपरच्या आतलं प्लॅस्टिक कापावं लागलं. टर्बोजवळच्या प्रत्येक रबरी नळीला उष्णतारोधक आवरण घातलं, तेल, कूलंट, पॅकिंग, क्लिपा धरून २६० उडाले. क्लिपा चांगल्या घ्या. बूस्टमध्ये पाइप निसटला तर गाडी रस्त्याच्या मधोमध ढिम्म होते.

२० मे, शनिवार, संध्याकाळी सहा. इंधन आणि स्पार्क तोडून आधी नुसता स्टार्टर फिरवला, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. टर्बोला कोरडं फिरवायचं नाही. मग सगळं जोडून चावी. सुरू झाली, नव्या लोखंडावरचं तेल जळून गॅरेजभर धूर झाला, मित्राची बायको धावत बाहेर आली. पाच मिनिटांत धूर विरला. आवाज जवळजवळ पूर्वीचाच. मला काय अपेक्षित होतं कोण जाणे.

त्या दिवसापासून नवी पॉलिसी लागू होती. ३ जूनला रोलिंग रोडची तारीख मिळाली, तोपर्यंत मी ३,००० आरपीएमच्या वर न जाता, बूस्ट न येऊ देता, दहा-वीस मैल चालवून गळती बघितली. रोलिंग रोडला टाकीत ९९ ऑक्टेनचं सुपर अनलेडेड भरून जा आणि पुढे कायम तेच वापरा, ट्यूनिंग त्याच पेट्रोलवर होतं. तिथे गाडी रोलरवर बांधली, ट्यूनर लॅपटॉप घेऊन आत बसला, कानाला नॉक (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकल्याचा ठोका) ऐकायचे हेडफोन. साध्या चालीत इंजिनाला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. बूस्टमध्ये त्याने ती ११.५ च्या आसपास ठेवली आणि स्पार्क मागे घेतला. वाढीव पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. नॉक झाला तर पिस्टन क्षणात फुटू शकतो, म्हणून इथे घासाघीस करू नये. तीन तास, ४२० पौंड. अर्ध्या बारच्या बूस्टवर कागद निघाला १९८ हॉर्सपॉवरचा.

"बूस्ट कंट्रोलर टाकलास तर २४० सहज," तो म्हणाला. नको म्हटलं. कनेक्टिंग रॉड मूळचे, पाच गिअरचा बॉक्स मूळचा. सोमवारी ऑफिस होतं. तो कागद आणि बॉनेट उघडून काढलेले फोटो त्याच रात्री ब्रोकरबाईंना पाठवले, चार दिवसांनी दुरुस्त पॉलिसी आली.

तीन-चार आठवडे मजेत गेले. रिंगरोडवर आता व्हॅनच्या पुढे जाता येतं, त्यासाठी इंजिन किंचाळवावं लागत नाही. मग जुलैच्या सुरुवातीला थंड इंजिनावर एक बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. इंजिन तापलं की बंद. मी रेडिओ लावला. चूक.

११ जुलैला एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी. चाचणीचा माणूस एक्झॉस्टमध्ये नळी घालून मोजतो. इंजिन २,५०० ते ३,००० आरपीएमवर धरलं की लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा. माझा आला १.०६. नापास. कार्बन मोनॉक्साइड ठीक, हायड्रोकार्बन ठीक, फक्त हवा जास्त. मी घरी येऊन ईसीयूचे आकडे तासभर तपासले, सगळे नीट. मग टिकटिक आठवली. मॅनिफोल्डचे दोन नट उष्णतेने सैल झाले होते. त्या फटीतून बाहेर गॅस जातो तसाच प्रत्येक ठोक्याच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि यंत्राला वाटतं इंजिनच कोरडं चाललंय. नवं गॅस्केट, दातेरी लॉकिंग वॉशर आणि टॉर्क रेंच. १७ जुलैला परत नेली, जुन्या एमओटीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. दहा कामकाजी दिवसांच्या आत त्याच जागी नेल्यामुळे अर्धीच फी पडली. लॅम्डा १.०१. तेव्हापासून दर तेलबदलाला मी ते नट रेंचने बघते. आणि एमओटीची तारीख शेवटच्या आठवड्यात ठेवत नाही.

बेरीज सांगते, कारण मला आधी कोणी सांगितली नव्हती: ६,२९० पौंड. गाडीच्या किमतीच्या पावणेतीनपट. त्यात माझी आणि मित्राची मजुरी नाही. वर विम्याचे वर्षाला ३२५ जास्त. मायलेज गॅलनला ३४ मैलांवरून ३० वर आलं, तेल आता दर ४,००० मैलांना बदलते. विकायला काढली तर यातलं फारसं परत येणार नाही, उलट गिऱ्हाईक घाबरतं. मूळ मॅनिफोल्ड, इंजेक्टर आणि ईसीयू पोटमाळ्यावर नावं लिहून ठेवलेत.

२०२४ च्या जुलैची एमओटी पहिल्या फेरीत पास झाली. त्याच महिन्यात आई-बाबा आले होते. गाडी दोन सीटांची, म्हणून आधी आईला फिरवून आणलं. तिचं मत: खाली बसल्यासारखं वाटतं आणि वारा फार. बाबांनी चक्कर मारायला नकार दिला, आधी गाडी चढवून दाखव म्हणाले. जॅकस्टँड लावून दिले. ते सतरंजी अंथरून खाली सरकले, टॉर्च मागितली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग परतीच्या नळीवरून बोट फिरवत चेंबरपर्यंत आले.

"उतार बरा घेतलायस," खालून आवाज आला. "पण फिटिंगपाशी ओल आहे. पाना दे."

पाना दिला. सत्तावीस नंबरचा नव्हता माझ्याकडे. नन्ईटनला फोन केला.